इनलाइन स्केट्स घेताना ब्रेक आधी का पाहायचा? आरशावर धडकलेल्या जोसेफ मर्लिनची गोष्ट

इनलाइन स्केट्सची जोडी हातात घेतली की बहुतेकांची नजर आधी चाकांवर जाते. किती आहेत, केवढी आहेत, रंग कोणता, अंधारात चमकतात का. एका बुटाच्या टाचेमागे असलेला काळ्या रबराचा ठोकळा मात्र फारसा कुणी पाहत नाही. काही जोड्यांसोबत तो सुटा मिळतो आणि घरी गेल्यावर लावायचा राहून जातो. काही मुलं तो दिसायला बरा दिसत नाही म्हणून काढूनच टाकतात.

तो ठोकळा म्हणजे ब्रेक. तो नसला तर काय होतं, याचा बहुधा सगळ्यात महागडा प्रयोग अठराव्या शतकात लंडनमध्ये झाला. करणारा कुणी हौशी तरुण नव्हता. युरोपातल्या सर्वांत कसबी यंत्रकारांमध्ये त्याची गणना होत होती. नाव जॉन जोसेफ मर्लिन. चाकांचे स्केट्स बनवणाऱ्यांमध्ये ज्याचं नाव इतिहासाला ठाऊक आहे, असा तो पहिला माणूस मानला जातो. दुर्दैवाने स्केटिंगच्या बहुतेक इतिहासांत त्याच्या वाट्याला एकच परिच्छेद येतो, आणि त्या परिच्छेदात तो धडकतो.

कोण होता मर्लिन?

१७ सप्टेंबर १७३५ रोजी मर्लिनचा जन्म हुई या गावी झाला. हे गाव आज बेल्जियममध्ये आहे. बेल्जियम नावाचा देश तेव्हा नव्हता आणि हा भाग लिएजच्या धर्मगुरू-राजांच्या ताब्यात होता. तरुणपणी मर्लिन पॅरिसला गेला आणि तिथल्या विज्ञान अकादमीच्या वर्तुळात त्याने सुमारे सहा वर्षं काढली. घड्याळं, मोजमापाची उपकरणं, वाद्यं या सगळ्यांत त्याचा हात बसला तो इथेच.

मे १७६० मध्ये स्पेनचा नवा राजदूत लंडनला निघाला, तेव्हा त्याच्या लवाजम्यात चोवीस वर्षांचा मर्लिनही होता. राजदूत काही वर्षांनी परतला, मर्लिन लंडनमध्येच राहिला. त्याचं इंग्रजी शेवटपर्यंत मोडकंतोडकं राहिलं. त्यावरून लोक हसायचे आणि त्यालाच पुन्हा जेवायलाही बोलवायचे.

लंडन त्या वेळी यंत्रांनी झपाटलेलं शहर होतं. वाफेचं युग अजून पुरतं सुरू झालं नव्हतं. यंत्र म्हणजे चावी, स्प्रिंग, दातेरी चाकं आणि पट्ट्या. यातून घड्याळं बनत आणि श्रीमंतांसाठी खेळणीही. डोलणारे हत्ती, चोच उघडणारे पक्षी, वाद्य वाजवणाऱ्या बाहुल्या. जेम्स कॉक्स नावाचा जवाहिऱ्या अशा रत्नजडित वस्तू बनवून चीनला आणि भारतात पाठवण्याचा व्यापार करत होता. मर्लिन त्याच्याकडे प्रमुख यंत्रकार म्हणून कामाला लागला.

मासे गिळणारा हंस

१७७२ मध्ये कॉक्सने लंडनच्या स्प्रिंग गार्डन्स भागात स्वतःचं संग्रहालय उघडलं. तिकीट अर्धी गिनी, म्हणजे साडेदहा शिलिंग. सामान्य माणसाने तिथे पाऊल ठेवू नये, असाच हा दर होता. तरीही ते गाजलं. फॅनी बर्नीच्या १७७८ च्या 'एव्हेलिना' कादंबरीतली पात्रंही तिथे चक्कर मारतात.

या संग्रहालयातली एक वस्तू आजही पाहता येते. खऱ्या हंसाच्या आकाराचा चांदीचा हंस. तो पिळदार काचेच्या कांड्यांवर बसलेला आहे. चावी दिली की कांड्या फिरू लागतात आणि पाणी वाहत असल्याचा भास होतो. संगीत सुरू होतं. हंस मान वळवतो, पिसं साफ करतो, मग पाण्यात चोच घालून चांदीचा मासा उचलतो आणि गिळल्यासारखं करतो. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा हा खेळ आहे. आत चावीची तीन स्वतंत्र यंत्रं आहेत.

हंस गळ्यापाशी अडखळत नाही, हा त्यातला खरा चमत्कार. मानेतल्या कड्या एकापाठोपाठ एक, ठरलेल्या वेगाने हलतात आणि ठरलेल्या जागी थांबतात. गती देणं हे यंत्रकाराचं अर्धं काम. ती नेमकी कुठे आणि कशी थांबेल हे ठरवणं उरलेलं अर्धं, आणि तेच जास्त अवघड.

कॉक्सच्या नावावर असलेलं आणि मर्लिनच्या मदतीने बनलेलं एक घड्याळही होतं. त्याला चावी द्यावी लागत नसे. हवेचा दाब दिवसभरात थोडा वरखाली होतो, तेवढ्यावर ते चाले. काचेच्या भांड्यांत तब्बल ६८ किलो पारा भरलेला होता. दाब बदलला की पारा सरकायचा आणि त्या हालचालीतून घड्याळाला आपोआप चावी बसायची. इथेही एक अडचण होती. दाब सारखा बदलत राहिला तर चावी गरजेपेक्षा जास्त बसून यंत्र तुटणार. म्हणून जादा चावी बसू न देणारी सोय त्यात केलेली होती. हे घड्याळ आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, पारा काढून घेतलेल्या अवस्थेत.

थोडक्यात, थांबवणं म्हणजे काय हे मर्लिनला पुरेपूर कळत होतं. त्यामुळेच पुढची घटना जास्त विचित्र वाटते.

त्या रात्री काय झालं?

सोहो चौकातल्या कार्लाइल हाउसमध्ये तेरेसा कॉर्नेलिस नावाची बाई १७६० पासून समारंभ भरवत होती. ती मूळची व्हेनिसची ऑपेरा गायिका. प्रसिद्ध कॅसानोव्हापासून तिला एक मुलगीही होती. तिच्या दिवाणखान्यात योहान सेबास्टियन बाखचा मुलगा योहान क्रिस्टियन याने मैफली केल्या. सगळ्यात गर्दी व्हायची ती मास्करेडला, म्हणजे वेषांतर करून जाण्याच्या नाचाला. लंडनमधले उमराव, नट, व्यापारी, कुणीही तिकीट काढून वेगळाच माणूस बनून यायचा.

मर्लिनला हा प्रकार मनापासून आवडायचा. तो नुसता पोशाख घालून जात नसे, सोबत एखादं यंत्र नेत असे. कधी चाकावर उभी असलेली भाग्यदेवता व्हायचा, कधी फिरता गुत्ता घेऊन पेयं वाटणारी बाई, कधी चाकांच्या खुर्चीत बसलेला रोगी. मास्करेड हे त्याच्यासाठी चालतंबोलतं प्रदर्शन होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्ट लाँच.

अशाच एका रात्री तो कार्लाइल हाउसमध्ये आला तो पायांना लहान धातूची चाकं लावलेले स्केट्स बांधून. हातात व्हायोलिन. वाजवत वाजवत तो पाहुण्यांच्या मधून घसरत निघाला. थेम्स गोठली की लंडनकर बर्फावर स्केटिंग करत, पण दिवाणखान्यात, लाकडी जमिनीवर, व्हायोलिन वाजवत जाणारा माणूस कुणी पाहिला नसणार. काही क्षण सगळं छान चाललं असावं.

मग समोर भिंतभर आरसा आला. मर्लिनला वेग कमी करता येईना, दिशा बदलता येईना. तो सरळ आरशात घुसला. पाचशे पौंडांहून अधिक किमतीचा आरसा फुटला, व्हायोलिनचे तुकडे झाले आणि मर्लिन स्वतः गंभीर जखमी झाला. संगीत क्षेत्रातले किस्से गोळा करणाऱ्या थॉमस बझ्बी या संगीतकाराने १८२५ मध्ये छापलेल्या पुस्तकात हा प्रसंग दिला, आणि तिथून तो स्केटिंगच्या प्रत्येक इतिहासात शिरला.

पाचशे पौंड म्हणजे किती? कॉक्सच्या महागड्या संग्रहालयाची साडेनऊशे तिकिटं. मर्लिनने घडवलेला चांदीचा हंस पुढे १८७२ मध्ये जॉन बोझ या श्रीमंत संग्राहकाने विकत घेतला, तेव्हा त्याला त्याचे २०० पौंड पडले. फुटलेला आरसा हंसाच्या अडीचपट महाग निघाला.

चूक कुठे होती?

मर्लिनच्या स्केट्समध्ये तीन गोष्टी नव्हत्या, आणि या तिन्हींची उत्तरं पुढच्या दोनशे वर्षांत एकेक करून सापडली. आज दुकानात जोडी निवडताना पाहायचं ते नेमकं हेच.

पहिली गोष्ट ब्रेक. चाक हे मुळात घर्षण टाळण्यासाठीच असतं. एक साधं गणित पाहा. ताशी १० किलोमीटर हा काही मोठा वेग नाही, चालण्याच्या दुप्पट. या वेगाने जाणारा स्केटर काहीच न करता नुसता उभा राहिला आणि चाकांचा रोधगुणांक ०.०१५ धरला, तर तो थांबायला साधारण २६ मीटर घेईल. टाचेच्या ब्रेकने वेग दर सेकंदाला दोन मीटर प्रति सेकंद इतका उतरवला, तर तेच अंतर दोन मीटरच्या आत येतं. कुठल्याही दिवाणखान्यात २६ मीटर मोकळी जागा मिळणं कठीण, सोसायटीच्या पार्किंगमध्ये तर विसराच.

म्हणून नवशिक्यासाठी जोडी घेताना टाचेचा ब्रेक आहे का, तो पक्का बसलाय का आणि झिजल्यावर त्याचं रबर बदलून मिळतं का, हे आधी विचारायचं. हा ब्रेक दाबायचा म्हणजे ब्रेकवाला पाय थोडा पुढे सरकवून त्याचा पंजा उचलायचा. बरीच मुलं पाय मागे नेऊन टाच घासायला जातात आणि तोंडावर पडतात. स्पर्धेच्या स्पीड स्केट्सना ब्रेक नसतो. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी ३००० मीटर रिलेत कांस्यपदकं जिंकली, तेव्हा टीव्हीवर दिसले ते तसलेच स्केट्स. ते पाहून पहिल्याच खरेदीत तसलीच जोडी मागणं म्हणजे मर्लिनच्या रांगेत उभं राहणं. ते खेळाडू ब्रेकशिवाय थांबायला वर्षानुवर्षं शिकलेले असतात.

दुसरी गोष्ट वळणं. एका रेषेतली सगळी चाकं एकाच मापाची असली आणि सगळीच जमिनीला टेकली, तर ती रेल्वेच्या डब्यासारखी सरळ जाऊ पाहतात. १८१९ मध्ये पॅरिसमध्ये पेतिब्ले याने पेटंट घेतलेल्या तीन चाकी स्केट्सची हीच तक्रार होती. १८२३ मध्ये लंडनमधल्या रॉबर्ट जॉन टायर्स याने तोडगा काढला. हा गृहस्थ फळविक्रेता होता. त्याने एका रेषेत पाच चाकं लावली आणि मधली चाकं मोठी ठेवली. त्यामुळे एका वेळी थोडीच चाकं जमिनीला टेकायची आणि पाय झुकवला की स्केट वळायचा. स्केटिंगच्या भाषेत याला आज रॉकर म्हणतात. नवशिक्याला त्याची गरज नाही, सपाट रांगच स्थिर वाटते. पण चपळ वळणांसाठी घेतलेल्या जोडीत मधली चाकं किंचित खाली दिसली तर तो दोष समजू नका.

न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनने १८६३ मध्ये वेगळाच रस्ता धरला. त्याने चाकं दोन-दोनच्या जोड्यांत लावली आणि मध्ये रबराची गादी बसवली. अंग झुकवलं की चाकंच वळायची. ही रचना इतकी यशस्वी झाली की पुढची शंभरहून अधिक वर्षं स्केट्स म्हणजे चौकोनात चार चाकं असंच समीकरण झालं. आपल्याकडच्या मागच्या पिढीने बुटांवर बांधलेले लोखंडी स्केट्स त्याच घराण्यातले. एका रेषेतली चाकं १९८० च्या सुमाराला अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमध्ये परत आली. स्कॉट आणि ब्रेनन ऑल्सन या आइस हॉकी खेळणाऱ्या भावांना उन्हाळ्यात बर्फाविना सराव करायचा होता. त्यांनी जुन्या इनलाइन स्केटवर काम केलं आणि रोलरब्लेड या नावाने तो बाजारात आणला.

तिसरी गोष्ट चाकाचा पदार्थ. मर्लिनची चाकं धातूची होती. पॉलिश केलेल्या लाकडावर धातू पकड घेत नाही. पाय तिरका केला की चाक वळण्याऐवजी सटकतं. आज चाकं पॉलियुरेथेनची असतात, कडा गोलसर असतात आणि कडेवर झुकलं तरी जमीन धरून ठेवतात. चाकावर छापलेला ७८ए किंवा ८५ए असा आकडा म्हणजे कडकपणा. आकडा कमी तेवढं चाक मऊ. खडबडीत डांबरी रस्त्यावर मऊ चाक हादरे कमी देतं, गुळगुळीत रिंकवर कडक चाक जास्त पळतं आणि उशिरा झिजतं. दुसरा आकडा व्यास, मिलिमीटरमध्ये. मोठ्या माणसाने शिकायला ७२ ते ८० पुरेसे. ११० चं चाक खडे सहज ओलांडतं, वेगही देतं, पण माणूस तेवढा उंच जातो आणि तोल सांभाळणं अवघड होतं.

बेअरिंगवरच्या एबेक या आकड्यासाठी मात्र जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. ते मानक मुळात बेअरिंगच्या मापांमधली अचूकता सांगतं. स्केटच्या वेगाला पाच आणि नऊ यातला फरक सामान्य माणसाला जाणवणार नाही. रस्त्यावरची धूळ तो फरक आठवड्याभरात पुसून टाकते. तेच पैसे बुटावर खर्च करावेत. बूट बांधून उभं राहिलं की अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे, आणि गुडघे वाकवले की थोडा मागे सरकला पाहिजे. टाच आत उचलली जात असेल किंवा घोटा डावीकडे-उजवीकडे लवत असेल तर ती जोडी कितीही स्वस्त मिळाली तरी परत ठेवावी. मुलांसाठी पुढच्या वर्षी बसेल म्हणून दोन मापं मोठी जोडी घेण्याची आपली सवय शाळेच्या बुटांपर्यंत ठीक आहे. स्केट्समध्ये त्यासाठी माप वाढवता येणारे बूट मिळतात.

हेल्मेट, मनगटाचे, कोपराचे आणि गुडघ्याचे गार्ड हे जोडीच्या किमतीतच धरायचे. पडताना माणूस हात पुढे करतो, त्यामुळे मनगटाचे गार्ड सगळ्यात आधी. मर्लिनला हात पुढे करायचीही सोय नव्हती, एका हातात व्हायोलिन आणि दुसऱ्यात बो. आज व्हायोलिनची जागा मोबाइलने घेतली आहे.

चाकांचा दुसरा उपयोग

कॉक्सचं काम मर्लिनने १७७३ च्या सुमारास सोडलं. त्याच वर्षी त्याने स्वतःच्या नावावर पेटंट घेतलं, ते होतं मांस भाजायच्या चुलीचं. १७७४ मध्ये हार्पसिकॉर्ड आणि पियानो एकत्र करणाऱ्या वाद्याचं पेटंट मिळवलं. हार्पसिकॉर्डमध्ये तारा छेडल्या जातात, पियानोत हातोडीने ठोकल्या जातात. मर्लिनच्या वाद्यात दोन्ही सोयी होत्या. १७८० चं असं एक वाद्य म्युनिकच्या डॉइच म्युझियममध्ये जपलेलं आहे. संगीताचा इतिहास लिहिणारा चार्ल्स बर्नी त्याचा मित्र. बर्नीला एकाच पियानोवर दोघांनी शेजारी बसून वाजवायचं होतं आणि पट्ट्या अपुऱ्या पडत होत्या. बायकांचे घेरदार झगेही जागा अडवायचे. मर्लिनने त्याला १७७७ मध्ये सहा सप्तकांचा पियानो बनवून दिला.

बर्नीची मुलगी फॅनी, म्हणजे वर उल्लेख आलेली कादंबरीकार, हिच्या रोजनिशीत मर्लिन वरचेवर भेटतो. परदेशी धाटणीच्या इंग्रजीत ठामपणे मतं देणारा, स्वतःच्या यंत्रांवर खूश असणारा, सगळ्यांना हवाहवासा पाहुणा. थॉमस गेन्सबरो हा त्या काळातला आघाडीचा चित्रकार. त्याने १७८१ मध्ये मर्लिनचं व्यक्तिचित्र काढलं. ते आता लंडनच्या केनवुड हाउसमध्ये आहे. एका यंत्रकाराचं असं चित्र उमरावांच्या चित्रकाराने काढणं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

हॅनोव्हर स्क्वेअरजवळच्या प्रिन्सेस स्ट्रीटवर मर्लिनने १७८० च्या दशकात स्वतःचं यांत्रिक संग्रहालय उघडलं. कॉक्सच्या संग्रहालयात वस्तू पाहून थक्क व्हायचं होतं, मर्लिनच्या संग्रहालयात त्या वापरून पाहता येत. तिथे यजमानीणबाईंसाठी चहाचं टेबल होतं. पायाने पट्टी दाबली की कपांचं तबक फिरून पुढचा कप समोर यायचा. अंधांना खेळता येतील असे पत्ते होते. वजन करायची यंत्रं होती, वाद्यं होती. मर्लिन स्वतः रविवारी हाइड पार्कमध्ये आपली घोडागाडी घेऊन फिरायचा. तिला किती अंतर कापलं हे दाखवणारी तबकडी बसवलेली होती.

या सगळ्यात गाऊटच्या रुग्णांसाठी बनवलेली खुर्ची वेगळी उठून दिसते. गाऊट हा सांध्यांचा आजार. पायाचा अंगठा इतका ठणकतो की त्याला चादरीचा स्पर्शही सोसत नाही. तेव्हाच्या सुखवस्तू लंडनमध्ये हे दुखणं घरोघरी होतं. असा माणूस चालू शकत नसे आणि प्रत्येक वेळी नोकराला हाक मारावी लागे. मर्लिनच्या खुर्चीच्या दोन्ही हातांच्या टोकांना लहान मुठी होत्या. त्या फिरवल्या की दांड्या आणि दातेरी चाकांमधून खालची चाकं फिरायची. दोन्ही मुठी सारख्या फिरवल्या की खुर्ची सरळ जायची, एकच फिरवली की वळायची, सोडल्या की थांबायची. बसलेला माणूस कुणाच्याही मदतीशिवाय खिडकीपाशी जाऊ शकत होता आणि परत येऊ शकत होता.

दिशा आणि थांबणं या दोन्ही गोष्टी, ज्या स्केट्समध्ये नव्हत्या, त्या या खुर्चीत बसणाऱ्याच्या बोटांत होत्या. आरशाची धडक आणि खुर्ची यांचा थेट संबंध कागदोपत्री कुठे जोडलेला नाही, पण एकाच माणसाने चाकांवर केलेले हे दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. खुर्ची इतकी चालली की मर्लिनच्या मृत्यूनंतर १८११ मध्ये अॅकरमनच्या लोकप्रिय मासिकात तिचं चित्र आणि वर्णन छापून आलं. पुढे एकोणिसाव्या शतकात अशा कुठल्याही खुर्चीला मर्लिन चेअर म्हणू लागले.

पोटमाळ्यावरचा मुलगा

मर्लिनच्या संग्रहालयात एकदा एक बाई आपल्या लहान मुलाला घेऊन आली. मुलगा प्रत्येक यंत्राबद्दल इतके प्रश्न विचारत होता की म्हाताऱ्या मर्लिनने दोघांना वरच्या मजल्यावर आपल्या कार्यशाळेत नेलं. तिथे लोकांना न दाखवलेल्या चांदीच्या दोन बाहुल्या होत्या, प्रत्येकी सुमारे फूटभर उंचीच्या. एक चालायची. दुसरी नाचायची, आणि तिच्या बोटावर बसलेला पक्षी शेपूट हलवायचा, पंख फडकवायचा, चोच उघडायचा. मुलगा नर्तकीच्या प्रेमातच पडला. त्याचं नाव चार्ल्स बॅबेज. पुढे आकडेमोड करणारं यंत्र रचून संगणकाच्या इतिहासात अग्रस्थानी बसलेला तो हाच.

मे १८०३ मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन भागात मर्लिनचा मृत्यू झाला. वय ६७. संग्रहालय आणखी पाच वर्षं कसंबसं चाललं आणि १८०८ मध्ये बंद झालं. बऱ्याच वस्तू थॉमस वीक्स नावाच्या दुसऱ्या संग्रहालयवाल्याकडे गेल्या. चांदीची नर्तकी त्याच्याकडे सुट्या भागांत, धूळ खात पडून राहिली.

१८३४ मध्ये वीक्सच्या संग्रहाचा लिलाव झाला, तेव्हा बॅबेज तिथे हजर होता. बेचाळिशीतल्या त्या गणितज्ञाने ३५ पौंडांना नर्तकी विकत घेतली, स्वतःच्या हातांनी तिचे भाग जुळवले आणि तिला पुन्हा नाचायला लावलं. डॉर्सेट स्ट्रीटवरच्या आपल्या घरात त्याने तिला काचेच्या पेटीत ठेवलं. शेजारच्या खोलीत त्याच्या डिफरन्स इंजिनचा पूर्ण झालेला भाग होता. बॅबेजच्या शनिवारच्या मेजवान्यांना लंडनमधले नामवंत जमायचे. आकडेमोड करणारं यंत्र पाहायला दोन-तीन परदेशी पाहुणे जायचे. बाकी सगळी गर्दी नर्तकीभोवती असायची आणि बॅबेज त्यावर वैतागायचा.